उजव्या बाजूची लाल पाटी

— नाही, तिकडून नाही. कॉम्प्युटरची डावी बाजू उघड, पोरी. उजवीकडं हात लावायचा नाही, ती लाल पाटी टांगली आहे ना त्या झाकणाले, दिसत नाही का तुले? तिघं येऊन गेले तुह्या आधी, तिघाइलेही हेच सांगतलं. अन् त्या तिघाइले मेकॅनिक म्हणायची मले लाज वाटते. पहिला म्हणे, काका, कार्ड खराब आहे. काहून खराब? कार्डाचा लाइट लागून राहिला, कॉम्प्युटर कार्डाचं नाव दाखवून राहिला, फक्त त्याच्यावर जोडलेल्या दोन हार्ड डिस्क दिसत नाहीत — तं हा म्हणते कार्डच बदला. बदललं. तेच. दुसऱ्यानं कार्ड या खाचेतून काढून त्या खाचेत घातलं, मंग त्या खाचेतून या खाचेत, असा अख्खा दिवस. तिसरा रजत, बुटीबोरीच्या कंपनीत दोन वर्षं होतो म्हणे — झाडू मारत असन. त्यानं नवीन वायर लावली अन् सांगतलं, डिस्क मेल्या. मेल्या? नाडी पाहिली होती का बाबू तू? खुर्चीतून उठलासुद्धा नाही, स्क्रीनकडं पाहूनच मोकळा झाला. असा माणूस कोराडीले माह्या पाळीत दुपारचा डबा खाईपर्यंत टिकला नसता. तीस वर्षं काढली मी पॉवर हाउसमध्ये, शेवटची नऊ शिफ्ट इन्चार्ज म्हणून.

नाही, डिस्क फेकायच्या नाहीत. अंकुरही तेच म्हणते पुण्याहून — बाबा, फेका, नवीन घेऊन देतो. पोरगा आहे माहा, पण अक्कल पाय त्याची. त्याच्यात त्याच्या आईचं काम आहे. आमच्या घरची उमरेडची, विणकरांची पोरगी — तिचे वडील नानाजी मागावर बसत. म्हातारपणी हिनं काय काढलं, तं घरोघर जायचं, पेटीतली जुनी लुगडी बाहेर काढायले लावायची अन् एकेका काठाचे फोटो घ्यायचे. करवतकाठी म्हणतात त्याले, करवतीच्या दातावानी काठ. आमची पोरगी हर्षा आता तेच काठ पुन्हा विणून घेऊन राहिली. पण ते विणणारे महादेवराव एकटेच उरले अन् सोमवारी त्यांचा माग निघते, घर पाडून तिथं दुकानाचे गाळे होऊन राहिले. बाकीच्या काठांचे फोटो या डिस्कमध्येच, म्हणजे हातात आजचा अन् उद्याचा दिवस. हे त्या रजतले सांगतलं तं मोबाईल पाहत हसला.

हे काय लावलं? कार्डाचं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर? टाक बापा, तूही टाक. फक्त एक ध्यानात ठेव — डिस्क दिसली अन् कॉम्प्युटरनं विचारलं, ही डिस्क नवीन आहे, तयार करू का, तं हो म्हणू नको. वाचल्याबिगर हो म्हणणारे गाढव असतात. एका बटनात सहा महिन्यांचं काम पुसल्या जाते, एकशे दहा घरं हिंडलेलं —

मले कसं माहीत? माहीत आहे.

मीच दाबलं होतं. साफसफाई करत होतो. एका डिस्कवरचं गेलं, दुसरीवरचं राहिलं. तिनं मंग माह्या जुन्या पेटीतून ही पाटी काढली — ‘काम चालू आहे, सुरू करू नये’ — खाली आपलं नाव लिहिलं, वच्छला, उजवं झाकण उघडून काय केलं कोण जाणे, बंद केलं अन् पाटी टांगली. नियम मीच शिकवला होता तिले. मशीनवर माणूस काम करत असला तं पाटी टांगते, अन् ज्यानं टांगली त्यानंच काढायची, साहेबानंही हात लावायचा नाही. चार महिन्यांनी गेली. पाटी तशीच. आमच्या धंद्यात मेले आहेत लोक दुसऱ्याची पाटी काढल्यानं, समजलं का?

आता कान काय लावून राहिली झाकणाले? काय? डिस्क फिरून नाही राहिल्या? हात ठेवू दे मले. ... थंड आहेत. म्हणजे सप्लायच नाही. तिनं प्लग काढून ठेवला, अन् मी तिघाइले डावीकडंच चाचपायले लावलं. पहिले सप्लाय पाय — हे पन्नास पोराइले मी ओरडून ओरडून शिकवलं वं. पन्नास पोराइले.

माह्याकडं काय पाहते? नियम सांगतला ना. हो, आहे, त्याचाही नियम आहे. टांगणारा परत ड्युटीवर येणारच नसला तं शिफ्ट इन्चार्ज स्वतः जाऊन पाहते, सही करते अन् पाटी उतरवते. पण इथं सही कोण करन? जो हात लावन म्हणून तिनं टांगली, तोच?

तू काढ. दोरा कापू नको, गाठ सोडव, तिनं मारलेली आहे. डिस्क दिसल्या तं हर्षाले फोन कर, नंबर त्या कॅलेंडरवर आहे. मले हाक मारू नको. अन् स्क्रीननं काही विचारलं तं आधी वाच — पूर्ण वाच, मंग बटन दाब. मी खाली जाऊन बसतो. दार लावून घे.