बॉल शोधायला सगळ्या

तुम्ही हसाल, पण पुण्याच्या एवढ्या भारी फुटबॉल ग्राउंडवर मला परवा हरभरा आठवला.

गावाकडं मंठ्याला आमच्या गोलच्या मागं अडवायला काहीच न्हवतं, सरळ एका मामाचं हरभऱ्याचं रान होतं. पेनल्टी मिळाली की सर एवढंच विचारायचे, "कोण मारतंय?" मंग आमची भांडणं. "मी!" "मागच्या टायमाला तूच मारल्ती!" गोलकीपरसुद्धा पळत यायची. हुकली तरी सर रागवायचे न्हाईत. म्हणायचे, "मारणारी एक, पण शोधायला सगळ्या. चला जल्दी!" सगळ्या रानात घुसायच्या अन् बॉलसंगं मूठमूठ ओला हरभरा घेऊन यायच्या. मामा बांधावरून ओरडायचे, "पोरींनो, बॉल शोधून राह्यल्या का पीक काढून राह्यल्या?"

परवा इथं क्लबच्या मॅचला पेनल्टी मिळाली. कोचनं विचारलं, "कोण मारणार?" सगळ्या आपापल्या बुटाकडं बघून राह्यल्या. कारण इथं पेनल्टी हुकली, की पुढची मॅच बाकावर. शेवटी मीच म्हणलं, "मी मारते."

बॉल बारवरून गेला. कोच काय ओरडले, ते मला ऐकूच आलं न्हाई. मी सवयीनं "चला गं" म्हणलं अन् गोलच्या मागं निघाले. वळून बघितलं, तर मागं कोणीच न्हाई.

आमची कॅप्टन लांबूनच म्हणाली, "अगं, कुठे चाललीस? मागे उंच जाळी आहे ना. बॉल आलाय परत."