सुंदराबाईचा पहिला घास

मंडळी, ऐका! माणूस कामाला येतो, हजेरी लावतो — पण मन कुठं ठेवून येतो? हसताय? अहो, तुमच्यातले निम्मे इथं बसलेत, अन् मन बाहेर चपलांपाशी! असू द्या, आहेत चपला जागेवर. आख्यान ऐका.

वारणेकाठच्या एका गावात मगदुमांचा मसाल्याचा कारखाना. कांदा-लसूण मसाला! अन् तो भाजणारी कोण? सुंदराबाई कोळेकर. तीस वर्षं कढईशी उभी. मिरची भाजताना सगळं गाव खोकायचं, अन् ही बाई ओव्या गुणगुणायची!

थोरल्या मालकांची एक रीत होती. घाणा तयार झाला, की दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी घेऊन ते तिच्यापाशी यायचे. तुकड्यावर चिमूटभर मसाला, थेंबभर तेल — अन् पहिला घास सुंदराबाईला. "सुंदरा, जमलं का?" बाई डोळे मिटायची. सगळा कारखाना गप्प! मग म्हणायची, "जमलं. भरा." तेव्हा कुठं पिशव्या भरायच्या.

थोरले मालक वारले. मुलगा गादीवर आला — राजाराम. वाईट नव्हता हो! शिकलेला, नीटनेटका. त्यानं भट्टीला घड्याळ बसवलं — घंटी वाजली की माल उतरवा. भिंतीवर पाटी लावली — 'कामाच्या जागी खाऊ नये'. बरोबरच आहे की! पण त्या पाटीपायी तो एक घासही गेला.

सुंदराबाई वेळेवर यायची, वेळेवर जायची. गुणगुणणं तेवढं थांबलं. एके दिवशी खोबरं करपायला लागलं. बाई शेजारीच उभी — हाताची घडी घालून!

"मावशी, करपतंय की!"

"घंटी वाजली न्हाई अजून, मालक."

राजाराम चिडला. मग घाबरला. पगार वाढवला — "बरं." पंखा लावला — "बरं." दिवाळीला लुगडं दिलं — "बरं." मंडळी, भांडणारा माणूस परवडला! 'बरं' म्हणणाऱ्याचं काय करायचं? इकडं गिऱ्हाईक सांगायला लागलं, मसाल्याला पूर्वीची चव नाही. अन् एका शनिवारी बाई म्हणाली, "सोमवारचा दिस भरते. पुढं येत न्हाई."

रविवारी सकाळी राजाराम तिच्या दारात. आत पाऊल टाकणार, तोच थबकला. ओवी ऐकू येत होती! चुलीपाशी बसून बाई घरचा मसाला भाजत होती. भाकरीचा तुकडा शेजारणीपुढं धरून विचारत होती, "बघ गं, जमलाय का?"

राजारामाचे डोळे भरले. लहानपणी हीच ओवी ऐकत तो कारखान्यात पोत्यांवर झोपायचा. या आवाजाला तो किती आसुसला होता — अन् त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं!

"मावशी, इथं गाता. माझ्याकडं तोंड मिटून का असता?"

"थोरलं मालक गेलं, त्या दिसापास्नं मला कुणी इचारलंच न्हाई, बाळा. पगार दिलास, पंखा दिलास. पण दुपार झाली की माझं डोळं अजून दाराकडं जात्यात. वाटतं, कुणीतरी भाकरी घिऊन येईल."

सोमवार उजाडला. दुपारी राजारामानं तिला बाहेरच्या ओट्यावर बोलावलं. आपला डबा सोडला. भाकरीचा तुकडा मोडला, वर मसाला, वर तेल.

"मावशी, जमलं का?"

बाईनं डोळे मिटले. सगळा कारखाना गप्प! मग डोळे पुसत म्हणाली —

"मीठ कमी हाय. भरू नगा!"

अहो मंडळी, नोकरी सोडून चाललेली बाई! तिला मिठाशी काय करायचंय? पण 'बरं' म्हणाली नाही! मंगळवारी सगळ्यांच्या आधी कढईशी हजर.

आता तुम्ही सांगा. तुमच्या दुकानात, तुमच्या शेतावर, तुमच्या स्वयंपाकघरात कोण दाराकडं डोळे लावून बसलंय? लुगडी देता, विचारता का कधी? अन् मी तरी कुठला शहाणा! हे आमचे तबल्याचे केशवराव — एकोणीस वर्षं साथ करताहेत. एकदा तरी विचारलं? आज विचारतो. केशवराव, जमलं का?

गप्प आहेत. थांबा! विचारल्यावर थांबायचं असतं.

काय म्हणालात? "बुवा, मधे लय पळवलीत"?

ऐकलंत! एकोणीस वर्षं हे पोटात ठेवून वाजवत होते हो! चला केशवराव, आता लय तुम्ही धरा. आम्ही सगळे तुमच्या मागून नाम घेतो.