मिश्रीला तंबाखू कोन म्हनतं

मी मूळचा सासवडकडचा. घरची जमीन जिरायती, म्हनून पोरवयातच हडपसरच्या भाजी बाजारात हमालीला लागलो ते आजतागायत तेच, पाठ गेली पन बाजार सुटला न्हाई. पोरगी एकच, संगी. ती वाघोलीला दिली, जावई गोदामात कामाला हाय, भला मानूस. आता दुसऱ्या बाळंतपनाला आमच्याकडं आलीय, आठवा चाललाय, संगं चार वर्षांची नात, परी.

आमच्या घरात कुनी बिडीला हात लावत न्हाई बरं का, सिगरेट तर लांबच. मला त्याचा लई तोरा व्हता. पन बाया मिश्री लावतात. आता मिश्री म्हंजे काय सांगू तुमाला, तंबाखू तव्यावर काळी हुस्तोवर भाजायची, बारीक कुटायची, न सकाळी बोटावर घिऊन दातांना घासायची. माझी आई लावायची, कारभारीन लावती, संगी बी लग्नाआधीपास्नं लावती. दात घासायचंच ते, त्याला तंबाखू कोन म्हनतं? संगी म्हायेरी आली तसा कारभारनीनं पयल्याच दिशी तवा चढवला, म्हनली पोटुशीचं मन मारू न्हाई, न डबी भरून तिच्या उशाशी ठेवली. लाडच की वो तो. मग दोघी मायलेकी पायरीवर बसून घासत बसायच्या, गप्पा मारत.

नातीचे दात मात्र आल्यापास्नंच पिवळट, मग काळे पडले, पुढचे तर झिजून हिरडीला टेकले. दुखाया लागलं की पोर घास तोंडात धरून बसायची, गिळायची न्हाई. संगी काय करायची, चिमूटभर मिश्री तिच्या दातावर दाबायची. पोर गप व्हायची. पुढं पुढं ती सोताच आ करून आईपुढं हुबी ऱ्हाया लागली, तवा मी दोघींना घिऊन गेलो सरकारी दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरबाईंकडं.

बाईंनी संगीला इचारलं तंबाखू घेता का, ती म्हनली न्हाई. खोटं न्हाई बोलली हो ती. परीच्या येळंला बी न्हाईच म्हनली व्हती, आता पोट तपासनाऱ्या नर्सबाईला बी न्हाईच. मग बाई म्हनल्या दात कशानं घासता, तर म्हनली मिश्रीनं. बाईंनी पेनच खाली ठेवला. म्हनल्या, अहो, मग नाही काय म्हणताय, तीच तंबाखू, बाळाच्या दातांचा पाया पोटातच पडतो आणि आपण ती तिथपर्यंत पोचवताय. बाटलीचं गोड दूध, तेबी कारन हाय म्हनल्या, एकट्या मिश्रीला बोल लावला न्हाई. पन हे पोटातलं तरी जपा, न पोरीला तर अजिबात लावू नका.

घरी यिऊन डबी मी मोरीत वतली. संगी बी म्हनली बरं केलंत आबा. दुसऱ्या दिशी तिचं डोकं धरलं, परीवर खेकसली, भांडी आपटली. कारभारीन मला म्हनली, तुमाला काय कळतंय बायकांचं. भांडलो, हात जोडले, जावयाला फोन लावला, तो म्हनला मामा, माझं आईकत असती तर बोलायलाच नको.

काल परीचे पुढचे दात काढले. घरी आलो तर संगी पोरीला कवटाळून रडली, माझ्यामुळं झालं गं म्हनली, न रडता रडताच उठून मोरीकडं गेली, तोंडाला ओढनी लावून. आईनं नवी डबी भरून दिलेली. मी दारात हुबा. तर म्हनती, आबा, मला सगळं कळतंय वो, पन ह्याबिगर मला सोसत न्हाई. आता सांगा, मारू का तिला? आठव्या म्हयन्यातल्या लेकीला? बाजारातलं वझं असतं तर उचलून टाकलं असतं, ह्याला कुठं हात लावू?

परी कापूस तोंडात धरून माझ्या मांडीवर यिऊन बसली. आईच्या पोटाकडं बोट दावून इचारती, आबा, बाळाचे बी काढनार? म्हनलं न्हाई गं बाई, त्याचे चांगले येतील, तुझे बी नवे येतील, देव करो. दुसरं काय सांगनार व्हतो मी तिला?