दोन बोटांची दुमड

(अनाथ प्राण्यांच्या निवाऱ्याची कचेरी. टेबलावर जाळीचा पिंजरा, आत कान फाटलेलं मांजरीचं पिल्लू.)

शिंपीणबाई : पुन्हा वाच. काय लिहिलंय त्या कागदात?

डॉक्टरीण : आजी, सत्तरीपुढच्या माणसाला पिल्लू द्यायचं तर घरच्या तरुण माणसाची सही लागते. तुमच्यामागे तो मांजर सांभाळेल, अशी.

शिंपीणबाई : मागे म्हणजे मी मेल्यावर. सरळ बोल की. ऐकून लगेच मरत नाही मी.

डॉक्टरीण : बरं, मेल्यावर. मांजर पंधरा वर्षं जगतं, आजी.

शिंपीणबाई : जगू दे ना, मी कुठं अडवलंय? हा बसलाय तरुण माणूस, माझा मुलगा. टकलाकडे बघू नकोस, पन्नाशी व्हायचीय अजून.

मुलगा : मी सही करणार नाही. आई, पुढच्या महिन्यात तू आमच्याकडे राहायला येतेयस. आमच्या इमारतीत जनावर चालत नाही.

शिंपीणबाई : म्हणून तर नेतेय.

मुलगा : म्हणजे?

शिंपीणबाई : म्हणजे त्याला तिथं यायची बंदी, आणि त्याला टाकून मला यायची सोय नाही. मिटलं.

मुलगा : डॉक्टर, तिला नीट दिसत नाही हो आता. परवा गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बाही उलटी लावली.

शिंपीणबाई : एक! चाळीस वर्षांत एक बाही. उसवून पुन्हा लावून दिली, तेही सांग. पोरी, पिंजरा उघड. हा पट्टा घाल त्याच्या गळ्यात.

डॉक्टरीण : चावतं ते. तिघांनी परत आणून दिलंय.

शिंपीणबाई : दात आहेत, चावणारच. मला असते तर आज या कचेरीत दोघांना चावले असते.

डॉक्टरीण : थांब रे बाळा... आई गं! घातला एकदाचा. अहो, बरोब्बर बसलाय. खालून एक बोट जातंय, एवढंच सैल हवं. माप कधी घेतलंत?

शिंपीणबाई : गेल्या सोमवारी, जाळीतून बघून. हात तर लावू दिला नाहीस. ऐकलंस का रे? नजर गेलेल्या बाईचं काम.

मुलगा : पण तू शिवू नयेस म्हणून मशीनचं चाक फिरवणारी वादी मी काढून नेली होती. शिवलंस कशावर?

शिंपीणबाई : हातावर. मशीन नव्हतं तेव्हाही तुला नागडं फिरवलं नाही मी.

मुलगा : आणि हे आत जाड काय लागतंय?

शिंपीणबाई : दुमड. दोन बोटं कापड जास्त घेतलंय. मान भरेल तसं उसवायचं.

मुलगा : माझ्या शाळेच्या चड्ड्यांसारखं.

शिंपीणबाई : एकेक चड्डी चार वर्षं घातलीस.

मुलगा : जुन्या दुमडीच्या रेघा दिसायच्या. पोरं मोजायची.

शिंपीणबाई : मोजू देत. आखूड झाली कधी?

मुलगा : नाही.

डॉक्टरीण : याची मान पूर्ण भरायला वर्ष जाईल.

मुलगा : तोवर हे उसवणार कोण, आई?

शिंपीणबाई : कोण म्हणजे? माझ्या टाक्याला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही.

मुलगा : ...कुठं करायची सही?

डॉक्टरीण : इथं. पण तुमच्या इमारतीत चालत नाही ना? उद्या वेळ आली तर?

मुलगा : भांडेन. आईला भांडताना बघतच मोठा झालोय.

डॉक्टरीण : खाली मांजराचा पत्ता लिहा. कुठं राहणार ते.

मुलगा : आईचाच लिहितो.

शिंपीणबाई : नीट अक्षरात लिही. आणि जाताना गाडी तुझ्या घरावरून घे. वादी न्यायचीय.