माळ्यावरची ऊब

(इटलीत पो नदीकाठी, ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचा कारखाना कधीच बंद पडलेलं एक गाव. म्हातारा एवासियो आणि त्याची बायको पिनोता यांचं स्वयंपाकघर. नगरपालिकेचा देल्फिनो टोपी हातात घेऊन दारात.)

एवासियो : ...म्हणून सांगतो, माळ्यावर कबुतरांशिवाय काही नाही. हवी तर ने. मक्याच्या पोलेंटाबरोबर झकास लागतात.

देल्फिनो : काका, गल्लीतल्या प्रत्येक माळ्यावर कारखान्याची ती भुकटी निघाली. पाद्रीबाबांच्यासुद्धा.

एवासियो : पाद्रीबाबांच्या माळ्यावर आणखी काय काय निघेल, ते देवालाच माहीत.

पिनोता : बस रे, देल्फिनो. कॉफी घे. तू गारिनोचा धाकटा ना? वडील कसे आहेत?

देल्फिनो : गेले, मावशी. हिवाळ्यात.

पिनोता : तेच?

देल्फिनो : तेच.

एवासियो : आमच्या गावात सगळे 'तेच' होऊन मरतात. नाव घेतलं तर जणू जेवायलाच येईल!

पिनोता : आलंय की. परवा डॉक्टरनं माझ्या छातीतून बाटलीभर पाणी काढलं. मी उभ्या जन्मात कारखान्यात पाऊल टाकलं नाही बरं का. कारखानाच घरी यायचा. रोज संध्याकाळी, भुकटी होऊन, याच्या विजारीच्या दुमडीत. मी अंगणात झटकायची, मग धुवायची.

एवासियो : पिनोता, पुरे. दम लागेल तुला.

पिनोता : लागू दे. देल्फिनो, माळ्यावर भुकटी आहे. चांगली वीतभर. कारखाना फुकट द्यायचा, आणि आम्ही वर आभार मानायचो. पण थंडीत ऊब काय यायची!

एवासियो : झालं! आता ती काढायला पांढऱ्या पोशाखातली भुतं येऊन घर प्लास्टिकात गुंडाळणार. गल्ली म्हणेल, बघा, एवासियोनं स्वतःच्या बायकोला...

पिनोता : गल्लीनं त्याच भुकटीवर गोळे फेकायच्या खेळाचं मैदान केलं, आणि त्यावर तू जन्मभर हरलास. गल्लीचं मला सांगू नकोस. आपली लेक मिरेला बाळंतपणाला येतेय. वरच्या खोलीत राहील. बाळाचा पहिला हिवाळा तिथे जाईल.

एवासियो : ...हॉटेलात ठेवू तिला.

पिनोता : एवासियो.

एवासियो : किती दिवस लागतात रे, पोरा?

देल्फिनो : आठवडाभर. तोवर तुम्ही दोघं बाहेर. पण कोपऱ्याकोपऱ्यात कुठवर गेलीय, ते ज्यानं पसरली त्यालाच विचारावं लागतं. कोणी पसरली?

एवासियो : मी. एकट्यानं.

पिनोता : ऐकू नकोस त्याचं. शिडीखाली उभी राहून पोती मी वर देत होते. दोघांनी, देल्फिनो. आम्ही दोघांनी.