आसवाचा गुण

...नाही, पण लिव्हर म्हटलं की लोक गालातल्या गालात का हसतात, ते आधी मला सांगा! बावीस वर्षं बस चालवतोय मी, बावीस! आणि तुम्हाला सांगतो, थेंबाला शिवलेलो नाही. लग्नात नाही, कुणाच्या निरोपाच्या पार्टीत नाही, कडाक्याच्या थंडीत नाही. शिक्षण बेताचं, गळा बेसूर, अभिमान म्हणून बाळगावी अशी एकच गोष्ट माझ्याकडे... रेकॉर्डवर डाग नाही. आणि त्या माणसाच्या पोटावर ते गार गार यंत्र फिरवून सोनोग्राफीवाली म्हणते, "काका, फॅटी लिव्हर!"

डॉक्टरीणबाई मात्र समजूतदार. म्हणाल्या, "दारूचा संबंध नाही. दिवसभर बसून राहायचं, वर गोड खायचं, त्याची चरबी आहे ही. आठ किलो कमी करा, रोज चाला, मला विचारल्याशिवाय कुठलंही औषध घेऊ नका, तीन महिन्यांनी या." म्हटलं, बाई, ते दारूचं तेवढं लिहून द्या. त्यांनी लिहिलं, 'नॉन-अल्कोहोलिक'. तो कागद खिशात घेऊन फिरलो, भेटेल त्याला दाखवला, तर आमचा कंडक्टर म्हणतो, "असू दे हो, आपल्यात काय लपवायचं?" अरे, थेंबाला शिवत नाही मी!

आता चालायचं म्हणजे... आठ तास चालवून आलेल्या माणसानं पुन्हा चालायचं? काही न्याय?

तेवढ्यात धावून आली आमची ताई, थोरली बहीण. हिला आजार कळायच्या आधी औषध सुचतं. "डॉक्टरांचं काय ऐकतोस? झाडपाला घे! झाडपाल्यानं कुणाचं वाईट झालंय?" झालं! सकाळी कोरफडीचा गर... तो गिळावा लागत नाही, आपला आपणच घसरतो. दुपारी भुईआवळीचा रस. संध्याकाळी कुटकीचा काढा. कडू म्हणजे किती कडू? त्यावर उतारा म्हणून तीन चमचे साखरेचा चहा घ्यायचो, तोही कडू लागायचा! वजन? दोन किलो वाढलं. म्हटलं, बाईंना विचारून येतो. तर ताई म्हणते, "नको, रागावतील!" म्हणजे हिलाही माहीत होतं हो!

मग तिनं बाटली आणली. यकृताचं आसव. "काढ्याला वैतागलास ना? हे गोड आहे, दोन-दोन चमचे घे." आणि खरंच गोड! जरासं झणझणीत, पोटात छान ऊब... खोटं कशाला बोलू, मी औषधाच्या वेळेची वाट बघायला लागलो. चमच्याचं झाकण झालं, झाकणाची दोन झाकणं झाली.

एका सोमवारी घाईत घ्यायचं राहिलं. डेपोच्या गेटवरच दोन झाकणं मारली आणि आत गेलो. आत रोजच्यासारखी तपासणी, नळीत फुंका आणि गाडी काढा. मी फुंकलं ते छातीभरून, भ्यायचंय कुणाला? आणि ते यंत्र जे बोंबललं!

टाइमकीपर उभाच राहिला. "तुम्ही?"

"साहेब, थेंबाला शिवत नाही मी!"

"पुन्हा फुंका." पुन्हा बोंब! मी खिशातला कागद काढला, "हे बघा, नॉन-अल्कोहोलिक!" पिशवीतली बाटली काढली, "हे बघा, झाडपाला!" त्यानं चष्मा लावला, बाटली डोळ्यांजवळ धरली आणि सगळ्या डेपोसमोर तळाची बारीक अक्षरं वाचली, "यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं."

कंडक्टर हसत सुटला. मला मात्र रडू आलं हो, अगदी खरंच आलं. अर्ध्या तासानं पुन्हा फुंकलं तर यंत्र गप्प! पण नियम पहिल्या फुंकीचा. रेकॉर्डवर तांबडी शाई, तीन महिने स्टीअरिंग बंद, आणि काम काय? डेपोभर पायी फिरून गाड्यांचे नंबर टिपायचे. बाटली गेली, चालवणं गेलं, चालणं आलं.

परवा तपासायला गेलो. नऊ किलो कमी, लिव्हर सुधारलंय. ताईनं रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणते कशी, "बघ! आसवाचाच गुण!"

आता हिला नाही तरी कसं म्हणू?