राखेच्या ट्रेची फट

कर्जतच्या स्टँडवर गोदूबाई आणि शकिला कळंबच्या गाडीची वाट पाहत होत्या. गोदूबाई आणि तिची सून हर्षला रिसॉर्टवर भाकऱ्या करतात, हे मिनिटभरात सगळ्या बाकाला कळलं.

“शकिला, मालक म्हनला, ही शेगडी नुसते भुशाचे पेलेट खाते नि धूर करते. सोमवारी गॅस आणि भाकरीचं मशीन आणतो. म्हंजे आमी दोघी घरी!”

“मग गं?”

“शेगडीखालचा राखेचा ट्रे घट्ट बसत नव्हता, फटीतून वारा शिरायचा नि पेलेट भसाभस जळायचे. मी आपली चुलीसारखी माती लिंपली.”

“आणि?”

“सकाळी ट्रे निघंना! राख आतच!”

“या अल्ला!”

“हर्षलानं माती खरवडली. मग उदबत्ती पेटवून ट्रेभोवती फिरवली. मी म्हनलं, शेगडीची पूजा करतेस का गं?”

“पूजा?”

“नाय गं. जिथं धूर आत ओढला गेला, तिथं फट! ट्रेच्या कडेला फट बुजवायची दोरी असते, ती तिथं चेपली व्हती. तिनं नवी बसवली, न जळणारी. आता भाकरी अशी टम्म फुगते!”

“मालक काय म्हनला?”

“गॅस नि मशीन आता नको म्हनला. कुणी दुरुस्त केली, विचारलं. हर्षला म्हनली, आमी दोघींनी.”

“तू काय केलंस?”

“वा गं! नवी दोरी बसल्यावर दुसऱ्यांदा उदबत्ती कुणी धरली? धूर सरळ वर गेला, तो मीच बघितला!”